ओला आकडा

विहीर खोदणाऱ्या टोळीत खाली उतरलेल्या माणसाचा जीव यारीवर बसलेल्याच्या हातात असतो. खाली सुरुंगाने फुटलेला दगड लोखंडी बादलीत भरतात, बादली आकड्याला अडकवतात आणि यारीचं मशीन वायररोप गुंडाळत ती वर ओढतं. वायररोप झिजला की त्याच्या तारा सुटून दिसतात. मशीन थकलं की आवाज करतं. आकड्याला मात्र एकच बोलणं येतं. ओझं झेपेनासं झालं की त्याचं वळण सरळ व्हायला लागतं, तो तोंड उघडतो. म्हणून रोज सकाळी आकड्याच्या तोंडात लाकडाची एक खुंटी घालून बघायची रीत आहे. खुंटी घट्ट बसली तर कामाला सुरुवात. सैल बसली तर आकडा बाजूला.

दुर्गव्वा धोत्रे लग्न होऊन आली तेव्हापासून यारी चालवत होती. नवरा हणमंता टोळीचा मुकादम, पण दांड्यावर हात तिचाच. भरलेली बादली ती अशी अलगद उचलायची की खालच्या माणसाला बादली जमिनीवरून कधी सुटली ते कळायचं नाही. धाकटी बहीण लच्छी तिच्याच हाताखाली शिकली. आता तीही नवऱ्याच्या टोळीची यारी चालवत होती.

मधल्या काळात हा धंदा मोडल्यातच जमा होता. बोअरच्या गाड्या गावोगाव फिरल्या, जमिनीला भोकं पडली आणि खालचं जुनं पाणी संपलं. मग सरकारने खोल बोअर बंद केले आणि बालाघाटाच्या माळावर पुन्हा रुंद विहिरी खोदायला माणसं लागली. टोळ्या परत आल्या. यारीला डिझेलच्या जागी बॅटरी आली. आणि कोळशाच्या भट्ट्या बंद पडल्यामुळे चांगलं पोलाद मिळेनासं झालं, तेव्हा बाजारात लोहाल आला.

लोहाल म्हणजे भंगारातलं लोखंड आणि भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम उन्हाच्या विजेवर एकत्र वितळवून केलेला धातू. पोलादापेक्षा हलका, आणि गंजाचं नाव नाही. नांगराचे फाळ, गाड्यांचे सांधे, दाराच्या बिजागऱ्या, सगळं त्याचं व्हायला लागलं. बार्शीच्या रस्त्याला अशी एक सूर्यभट्टी होती. दुर्गव्वाची मुलगी अंबिका डिप्लोमा करून तिथे चाचणीच्या खोलीत लागली होती. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिली. पहिल्या दिवाळीला तिने आईला लोहालचा आकडा आणला.

"लोकांच्या लेकी साडी आणतात," हणमंता सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "आमची आकडा आणती. आता हिला तोच नेसायला सांगा."

दुर्गव्वाने आकडा हातात तोलून बघितला होता. पोरीच्या हातासारखा हलका होता. हिवाळाभर आणि उन्हाळाभर त्याने दगड उचलले. खुंटी रोज घट्ट बसत होती.

*

वैशाखातल्या एका दुपारी टोळी जेवायला बसली होती. अंबिका न सांगता एसटीने आली आणि फाट्यावरून चालत माळावर पोचली. तिने पाणीही घेतलं नाही.

"आकडा कुठंय, आये?"

"यारीला. आणि कुठं असंल?"

"काढ तो. जुना पोलादाचा लाव."

दुर्गव्वाने भाकरी खाली ठेवली आणि लेकीला ट्रॅक्टरच्या पलीकडच्या सावलीत नेलं. तिथे अंबिकाने सांगितलं ते असं.

कोकणात एका बंदरावर होडी ओढून घेताना लोहालचा आकडा तुटला होता. माणूस वाचला. पण आकडा वाकला नव्हता, तोंड उघडलं नव्हतं. काचेसारखा तुटला होता. तुकडे चाचणीला अंबिकाकडेच आले.

"खोलीत आम्ही हजार वेळा ओढून बघितलाय, आये. तुटायच्या आधी चांगला बोटभर ताणतो. मला वाटलं, त्या लोकांनी काहीतरी उलटंसुलटं केलं असंल. मग मी एक आकडा ओला करून टांगला."

"मग?"

"तुटला."

साध्या पोलादात अणू कसेही बसलेले असतात, आठवडी बाजारातल्या माणसांसारखे. लोहालमध्ये ते पंगतीसारखे बसतात. लोखंडाशेजारी अ‍ॅल्युमिनियम, त्याच्याशेजारी पुन्हा लोखंड, ज्याची जागा त्याला ठरलेली. त्या शिस्तीतून त्याची ताकद येते. पण धातूवर ओझं आलं की कुठेतरी केसाएवढी चीर पडतेच, आणि त्या चिरेत आतलं कोरं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं. ते ऑक्सिजनला हपापलेलं असतं. कोरड्या हवेत त्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो, चिरेवर लगेच साय धरते आणि प्रकरण तिथेच मिटतं. तिथे पाणी असलं, अगदी दमट हवेतली वाफ असली, तर ते पाण्यातूनच ऑक्सिजन ओरबाडून घेतं. मागे उरतो हायड्रोजन. सगळ्या अणूंत तो लहान. तो धातूत शिरतो, चिरेच्या पुढे जाऊन बसतो आणि पंगतीतल्या माणसांचे धरलेले हात सोडवत जातो. चीर पुढे सरकते, तिथे पुन्हा पाणी येतं, पुन्हा तेच.

"त्याला वेळ लागतो," अंबिका म्हणाली. "झटक्यात ओढलं तर हायड्रोजनला आत शिरायला सवड मिळत नाही. आमचं मशीन झटक्यात ओढतं. खोलीत एसी, हवा कोरडी. म्हणून आमच्याकडं सगळे पास. जितकं हळू ओढावं तितकं वाईट."

दुर्गव्वा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. हळू उचलायला तर ती जन्मभर शिकली होती.

"तुमच्या सायबाला सांगितलंस?"

"सांगितलं. पुढच्या मालात क्रोमियम घालणार म्हणाले, म्हणजे पाण्याचा जोर कमी होईल. विकलेले आकडे पावसाळ्याच्या आधी काहीतरी निमित्त काढून परत मागवणार. तोवर बोलायचं नाही. लोकांनी एकदम माल टाकला तर भट्टी बसेल म्हणाले. आणि चाचणीवर सही माझी आहे, आये. एकेका आकड्याच्या. काही झालं तर पहिली मला धरतील."

"आन् बाकीच्या टोळ्या?"

"इथं माळावर कोरडंच आहे की. तेल लावलेलं असलं तर पाणी आत जात नाही. महिन्याभराचा प्रश्न आहे." तिने आईचा हात धरला. "तुझा तेवढा काढ. कुणाला सांगू नकोस. अप्पांना पण नको, त्यांच्या पोटात काही राहत नाही."

लेक संध्याकाळच्या गाडीने गेली. दुर्गव्वाने आकडा बदलला. हणमंताने विचारलं तेव्हा म्हणाली, "हलका हाय. हाताला ओझं कळत न्हाई."

"सहा महिने कळत हुतं, आन् आज कळंना," हणमंता म्हणाला. "म्हातारी झालीस."

लोहालचा आकडा फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाला गेला.

*

आठवडा झाला नसेल, तोच लच्छीचा नवरा तिम्मण्णा मोटरसायकलवर आला. त्याची टोळी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक विहीर खोदत होती. माणूस उंचापुरा आणि बोलण्यात गोड, बसल्याजागी चार माणसं गोळा करणारा.

"साडू," तो हणमंताला म्हणाला, "आमच्या आकड्यानं तोंड उघडलं. खुंटी गुळगुळ हलती. नवीन यायला वेळ हाय, आन् तळाला दगड ओलसर लागायलाय. आता काम थांबवलं तर मालक मला विहिरीत बुजवंल."

टोळ्यांमध्ये मागितलेलं हत्यार नाही म्हणायची पद्धत नव्हती. हणमंता उठला, पेटीत हात घातला आणि फडकं सोडलं.

"हा घे. हिला नको झालाय."

दुर्गव्वा यारीवरून उतरून आली. "तो नगं द्यायला."

"का?"

त्या 'का'समोर ती उभी राहिली. नवरा बघत होता, दाजी बघत होता, टोळीतली माणसं कान देऊन होती. अंबिकाचं नाव घेतल्याशिवाय पुढचं वाक्य होत नव्हतं.

"मला त्याचा भरवसा न्हाई," ती म्हणाली.

"सहा महिने दगड उचललेत यानं," हणमंता म्हणाला. "खुंटी बघ, घट्ट."

तिम्मण्णा हसला. "राहू द्या, साडू. लेकीनं दिलेली वस्तू हाय. अक्कांच्या जिवावर आलंय."

"तसं न्हाई, दाजी. न्या." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पर त्याला तेल लावत जावा. रोज. आन् पाणी लागू देऊ नका."

"आमच्या विहिरीत आधी पाणी तर लागू द्या, अक्का," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

रात्री तिने लच्छीला फोन केला. आकड्याला तेल लाव, विसरू नको, एवढंच सांगितलं. लच्छी म्हणाली, लावते. का, ते तिने विचारलं नाही. थोरल्या बहिणीने सांगितलं की ती करायची, लहानपणापासूनच तसं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्गव्वाने अंबिकाला सांगून पोलादाच्या आकड्याची खटपट सुरू केली. मिळाला की डोंगर ओलांडून स्वतः नेऊन द्यायचा आणि लोहालचा परत आणायचा, असं तिने ठरवलं. पोलादाचा आकडा आज येतो, उद्या येतो असं चाललं. दुर्गव्वाही स्वतःची समजूत घालत होती, की तेल आहे, माळ कोरडा आहे, लच्छीचा हात चांगला आहे. प्रत्येक गोष्ट खरी होती.

*

पाणी लागल्याचा फोन लच्छीने व्हिडिओवर केला. पडद्यावर माणसंच माणसं. विहिरीचा मालक, त्याच्या घरच्या बाया, शेजारच्या दोन टोळ्या. लच्छीचं तोंड घामाने आणि आनंदाने चमकत होतं.

"अक्का, झरा फुटला बघ. मनगटाएवढा. ह्यांच्याच पहारीनं."

झरा फुटला की त्या दिवशी काम थांबतं. पहिल्या पाण्याची कळशी वर येते आणि त्या पाण्याने आकडा धुतात. आधी राखेने खसाखसा घासून वंगण सगळं काढतात, कारण तेलकट आकड्याला हळद धरत नाही. मग हळदकुंकू, नारळ. आणि ज्याच्या पहारीने झरा फुटला त्याला बादलीत बसवून वर आणतात. एरवी माणसं शिडीने चढउतार करतात. त्या दिवशी मात्र त्याने शिडीला पाय लावायचा नसतो. पाणी आणणाऱ्याला उचलून आणायचं.

दुर्गव्वाला हे सगळं माहीत होतं. तिने कितीदा केलं होतं. पण तेल लाव म्हणताना हा दिवस तिच्या डोक्यात आला नव्हता.

लच्छीने फोन फिरवला. आकडा यारीला लटकत होता. पिवळा, लाल आणि ओला. त्याच्या टोकावरून पाण्याचा थेंब सुटला, तो दुर्गव्वाला दिसला.

"ओला हाय की गं तो," ती म्हणाली.

"धुतलाय, मग कोरडा कसा असंल? काय बोलती ही." लच्छी शेजारच्या बाईकडे बघून हसली. "खाली ताटकळलेत हे. बहिणीच्या हातचा पाळणा बघा म्हणतेत अक्काला."

बहिणीच्या भोवती वीसेक माणसं फोनमध्ये डोकावत होती. त्यातल्या दोन मुकादमांच्या यारीला लोहालचेच आकडे होते. थांब, एवढं म्हटलं असतं तर पुढचं विचारलं गेलं असतं. का थांबू? तुला कुणी सांगितलं? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला अंबिकाची सही होती. दुर्गव्वाने तोंड उघडलं, मिटलं.

"अक्का, आवाज येईना का माझा?"

"येतोय. पुसून घे चांगला. आन् तेल लाव. आधी तेल लाव, मग उचल."

"लावते गं बाई. तेलाचंच वेड लागलंय तुला."

फोन बंद झाला. दुर्गव्वा त्याच्याकडे बघत बसली. पुन्हा लावावा असं तिला वाटलं. तिने नंबर काढलाही. मग मनाशी म्हणाली, तेल लावेलच ती. माझं ऐकती ती.

लच्छीने ऐकलं. पदराच्या टोकाने आकडा पुसला आणि वरून तेल चोपडलं. पण राखेच्या घासण्याने आकड्याच्या वळणावर बारीक ओरखडे पडले होते, जुन्या केसाएवढ्या चिरा उघड्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यात शिरलेलं पाणी फडक्याने निघणारं नव्हतं. जे तेल पाणी बाहेर ठेवतं तेच पाणी आतही कोंडून ठेवतं. मग तिने दांडा धरला आणि जन्मात उचललं नसेल इतकं हळू उचललं. खाली तिचा नवरा बादलीत बसला होता, मांडीवर पाण्याची दुसरी कळशी घेऊन. हायड्रोजनला हवी तेवढी सवड मिळाली.

बादली काठाला येत होती. मालकाची सून ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली होती. टक् असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा.

विहीर आठ परस, पन्नासेक फूट, खोल होती.

*

तुटलेल्या आकड्याचं तोंड उघडलेलं नव्हतं. भट्टीकडून आलेल्या माणसाने हीच गोष्ट सगळ्यांना दाखवली. आकडा वाकला नाही, म्हणजे ओझं जास्त नव्हतं. मग तुटला कशाने? झटक्याने. यारी चालवणाऱ्या बाईचा हात हलला असणार, नवरा बादलीत, आनंदाचा भर. त्याने हे फार हळू आवाजात, सहानुभूतीने सांगितलं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मान हलवली.

लच्छीने वाद घातला नाही. ती ओट्याच्या कडेला बसून होती, उजवा हात डाव्या हातात धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"मला झटका कळला न्हाई, अक्का," ती म्हणाली. "पर झाला असंल. डोळं भरून आलं हुतं माझं. तेल पण लावलं हुतं, तू सांगितल्यावानी. की वळणाला लावायचं राहिलं? मी आठवतेय तर मला आठवंना."

"लावलं हुतंस तू."

"मग हातच चुकला."

दुर्गव्वा तिच्याजवळ बसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला पाणी पाजलं. सगळं केलं. तेवढं एक बोलली नाही.

हणमंता घरी आल्यावर जेवेना. "मी दिला आकडा," एवढंच घोकत होता. "तू नगं म्हणत हुतीस. तुला काय दिसलं हुतं त्यात?" ती म्हणाली, काही नाही.

तिम्मण्णाच्या तेराव्याच्या जेवणाला सगळ्या टोळ्या आपापल्या यारीच्या ट्रॅक्टरसकट जमणार होत्या, आणि त्याच बैठकीत लच्छीच्या हातात पुन्हा दांडा द्यायचा की नाही हे पंच ठरवणार होते. ज्याच्या हाताने माणूस गेला त्याला यारीवर बसू देत नसत. लच्छीला दुसरं काही येत नव्हतं. आणि बसू दिलं असतं तरी ती बसली नसती, कारण तिने स्वतःच स्वतःचा निकाल लावला होता. रात्री झोपेत तिचा हात दांडा ओढायचा, असं तिच्या घरच्या बाया सांगत होत्या.

आदल्या दिवशी अंबिका आली. तिचं वजन उतरलं होतं.

"भट्टीनं आकडे परत मागवायला सुरुवात केली का?" दुर्गव्वाने विचारलं.

"नाही. आता मागवले तर कबूल केल्यासारखं होईल म्हणतात."

"म्हंजी ते तसंच फिरणार."

अंबिका सतरंजीवर बसली.

"उद्या मी बोलणार हाय," दुर्गव्वा म्हणाली.

"बोलून कुणी ऐकणार नाही, आये. साहेबांनी कागद दाखवलेत सगळ्यांना. तू बहिणीसाठी खोटं बोलतेस म्हणतील."

"मग दाखवीन."

अंबिकाला कळलं. ती नखाने सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "मला धरतील," ती म्हणाली.

"व्हय."

"मी तुला वाचवायला आले होते. तुला एकटीला."

"ते मला ठाऊक हाय, बाळा. म्हणूनच तर मी गप बसले." दुर्गव्वाने लेकीचा हात सतरंजीवरून उचलून आपल्या हातात घेतला. "उद्या तू यायचं का न्हाई ते तू बघ."

*

जेवणं झाली. पंच बाभळीखाली बसले. वडीलधारे मुकादम नरसप्पा इरकल बोलायला उभे राहिले तेवढ्यात दुर्गव्वा बायांतून पुढे आली.

"नरसप्पादादा, तुमच्या यारीचा आकडा लोहालचा हाय न्हवं?"

"हाय."

"आज सकाळी खुंटी बघितली?"

"बघितली. घट्ट हाय. का गं?"

"मला द्या."

तिने आकडा सगळ्यांसमोर राखेने घासला आणि कळशीभर पाण्याने धुतला. हणमंता "काय करायलीस?" म्हणत मागे आला, तिने लक्ष दिलं नाही. आकडा तिने आपल्या यारीला लावला आणि खाली दगडांची बादली अडकवली. रोजच्या ओझ्यापेक्षा कमीच, पंचांनी येऊन बघावं म्हणाली, दोघांनी बघितलं. मग दांडा धरून तिने बादली हातभर उचलली, मशीन बंद केलं, किल्ली काढली आणि ती नेऊन लच्छीच्या हातात दिली.

"आता कुणाचा हात लागणार न्हाई. झटका बसणार न्हाई. बसा."

माणसं बसली. काही झालं नाही. बादली लटकत होती. दुर्गव्वाने लोट्याने आकड्यावर पाणी घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"देवाला घालतीस का?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

ऊन कलायला लागलं. म्हाताऱ्यांनी तंबाखू काढली. बाया भांडी आवरायला उठल्या. नरसप्पा खाकरले. "दुर्गव्वा, तुझ्या मनाचं दुखणं आम्हाला कळतंय. बहीण हाय. पर अशानं..."

"अजून थोडं बसा, दादा."

"आकडा चांगला हाय माझा. उगं पाणी घालून..."

तिने पुन्हा पाणी घातलं. तिच्या स्वतःच्या मनातही शंका आली. आणि तिला कळलं की आकडा न तुटो असं तिला वाटतंय. न तुटला तर कुणाचीच चूक नाही. लच्छीचा हात चुकला, दाजीचा काळ आला, अंबिका घरी जाईल. तिने डोळे मिटून घेतले, पण लोटा खाली ठेवला नाही.

टक्.

बादली जमिनीवर आदळली आणि दगड घरंगळले. आवाज मोठा नव्हता. पण ज्यांनी तो विहिरीच्या काठावर ऐकला होता ते उभे राहिले.

नरसप्पांनी वर लटकणारा तुकडा सोडवला आणि खाली पडलेल्याला जुळवून बघितला. तोंड जसंच्या तसं होतं. तुटलेली बाजू गुळाची ढेप फोडावी तशी दाणेदार, चमकती. त्यांनी खिशातून खुंटी काढली आणि जुळवलेल्या आकड्याच्या तोंडात घालून बघितली. खुंटी घट्ट बसली. मग ते लच्छीसमोर आले आणि म्हणाले, "तुझा हात साफ हाय, पोरी."

लच्छीने वर बघितलं नाही. ती मुठीतल्या किल्लीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं, आणि ते उतरल्यावर जागा रिकामी झाली, तशी तिथे दुसरं काहीतरी येत होतं.

बाभळीच्या मागून अंबिका पुढे आली. "हे मी तपासलेले आहेत," ती म्हणाली. "सही माझी आहे. सगळ्यांनी आपापले आकडे उतरवा." तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

मुकादम आपापल्या यारीकडे गेले. कोणी पान्हा मागितला, कोणी शिवी दिली. एकेक आकडा निघायला लागला, एकेक करून बाभळीखाली पडायला लागला.

लच्छी उठून दुर्गव्वाजवळ आली. अगदी जवळ, लहानपणी कानात सांगायला यायची तशी.

"ओला केला की तुटतो, हे तुला कधीपासनं ठाऊक हाय?"

"आकडा तुमच्याकडं यायच्या आधीपासनं."

"त्या दिवशी फोनवर दिसला तुला. ओला."

"दिसला."

लच्छीने मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. तिने किल्ली दुर्गव्वाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली.

"तेल लाव म्हणालीस," ती म्हणाली. "थांब म्हणाली असतीस तर थांबले असते की गं, अक्का. का म्हणून विचारलं पण नसतं."